बाबांचे कान आणि जमैकाची कॅसेट

बाबांना ऐकू येईनासं झालंय हे आमच्या घरात सगळ्यांत आधी मला कळलं, आणि तेही एका जमैकन गायकाच्या गाण्यामुळे. मी तेव्हा आठवीत होते. सौदी अरेबियात, यान्बूच्या औद्योगिक वसाहतीत आमचं तळमजल्याचं घर होतं. बाहेर उन्हाने पांढरी पडलेली कुंपणाची भिंत, आत दिवसभर घरघरणारा एसी, आणि वाऱ्याची दिशा बदलली की खिडकीच्या फटीतून येणारा रिफायनरीचा वास. शुक्रवार होता, म्हणजे सुट्टीचा दिवस. आई ओट्यापाशी सुरमईच्या तुकड्यांना कोकमाचं आगळ आणि हळद-मीठ चोळत होती. बाबा हॉलमध्ये कॅसेट प्लेअरपुढे मांडी घालून बसले होते. त्यांनी कापसाचा बोळा कोलोनमध्ये बुडवून प्लेअरचं हेड पुसलं, कॅसेट लावली, वाकून ऐकलं, बंद केली, पुन्हा हेड पुसलं. असं तीनदा झाल्यावर त्यांनी मला हाक मारली.

“मंजू, ही टेप गेली बघ. सुरुवातीची झांज येतच नाही.”

मी शेजारी बसून ऐकलं. त्या गाण्याच्या सुरुवातीला ड्रमवाला झांजेवर चार बारीक टोले मारायचा आणि मग सगळे एकदम तुटून पडायचे. चारही टोले मला नेहमीसारखे स्वच्छ ऐकू आले.

“येतेय की, बाबा.”

“कुठे येतेय? नीट ऐक.” त्यांनी टेप मागे घेतली, पुन्हा लावली. मी हवेत बोटाने चार वेळा दाखवलं. बाबा माझ्या बोटाकडे बघत राहिले, मग प्लेअरकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आत कुकरची शिट्टी झाली. आईने विचारलं, “किती झाल्या हो?” बाबांनी मान वर केली नाही. “तीन,” मीच ओरडून सांगितलं. बाबांनी कॅसेट काढली, डबीत घातली आणि उठता उठता म्हणाले, “आईला एवढ्यात काही बोलू नकोस.”

ती कॅसेट मिस्टर क्लाइव यांची. ते मूळचे जमैकाचे, तरुणपणी इंग्लंडला गेलेले, आणि प्लांट उभा राहत होता तेव्हा टर्बाइन बसवायला यान्बूत आलेले. बाबा वर्षभर त्यांच्या हाताखाली होते. सकाळी प्लांटवर जाताना पिकअपमध्ये ही एकच कॅसेट वाजायची. सुरुवातीला बाबांना तो नुसता गोंगाट वाटला; नाशिकजवळच्या वीजकेंद्रातली नोकरी, घरी रेडिओवरची भावगीतं, एवढीच त्यांची संगीताची शिदोरी. पण वर्षभर रोज तीच गाणी कानावर पडून त्यांना ती आवडायला लागली, आणि क्लाइव परत जायला निघाले तेव्हा त्यांनी ती कॅसेट बाबांच्या खिशात घातली. मूळच्या तबकडीवरून कुणीतरी भरून घेतलेली, वरच्या कागदावर गायकाचं नाव पेनने लिहिलेलं आणि घामाने पुसट झालेलं. त्यामुळे आमच्या घरी त्या गायकाला नाव नव्हतं. ‘आपला जमैकावाला’ एवढंच.

त्याची हकिगत बाबा क्लाइवच्या तोंडची म्हणून आम्हाला सांगत. सुताराचा मुलगा. चौदाव्या वर्षी गाण्याच्या स्पर्धेत उभा राहिला. एकाच माइकभोवती सगळे वादक गोळा व्हायचे, गाणं एका दमात भरलं जायचं, आणि त्याच आठवड्यात रस्त्यावरच्या नाचाच्या जागी कपाटाएवढ्या स्पीकरमधून वाजायला लागायचं. त्या बेटावर तेव्हा त्याच्या गाण्याशिवाय लग्न लागत नसे, असं क्लाइव म्हणायचे. कॅसेटच्या ए बाजूला त्याची सुरुवातीची, धावती गाणी होती. त्यांत ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन एकमेकांच्या अंगावर धावून जात. त्या चालीला स्का म्हणतात, हे मी वसाहतीतल्या शाळेत ऐटीत सांगून टाकलं होतं. कुणालाच त्यात रस नव्हता. बी बाजूला नंतरची संथ गाणी, तेच रेगे. ए बाजूवर एक फळवालीचं गाणं होतं: ‘रोज म्हणतेस उद्या ये, तुझा उद्या येतो तरी कोणत्या वारी?’ बी बाजूवरचं त्याचं सगळ्यांत गाजलेलं गाणं वादळाचं. एका माणसाचं सगळं घर वादळात उडून गेलंय, दाराची चौकट तेवढी उभी आहे, आणि तो शेजारणीला सांगतोय, ‘येशील तेव्हा टकटक करून ये बरं का.’ बाबा हे मराठीत सांगायचे तेव्हा हसायचे, पण गाणं ऐकताना हसायचे नाहीत.

आईला ती गाणी कधीच पटली नाहीत. भजनाच्या सवयीने ती टाळी वाजवायला जायची आणि तिची टाळी नेमकी भलतीकडे पडायची. “मेल्यांचा ठेका कुठे आहे तेच कळत नाही,” ती म्हणायची. मग बाबा समजावायचे, “तुझी टाळी पडते ना, तिथे गिटार गप्प असते. टाळी उचललीस की गिटार बोलते. मधल्या जागेत. तीच तर गंमत.”

हल्ली मी जेद्दात राहते. लग्नानंतर नशिबाने मला पुन्हा याच देशात आणून टाकलं, आणि इथल्या भारतीय शाळेत मी बावीस वर्षं गणित शिकवलं. परवा यान्बूच्या रस्त्याने एकटीच गाडी चालवत चालले होते. आमच्या वेळी इथे बायकांना गाडी चालवायला बंदी होती; तेव्हाच्या माझ्या आईला हे सांगितलं असतं तर तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. निघायच्या आधी फोनवर गाण्याच्या ओळी टाकून तो जमैकावाला शोधला. सापडला. नाव सापडलं, अल्बमचं मुखपृष्ठ सापडलं, त्यावर तो आखूड पँट आणि अरुंद टाय घातलेला, वाटला होता त्याहून कितीतरी पोरगेला. कुणीतरी टेपवरची सगळी खरखर काढून गाणी लख्ख केली होती. झांजेचे चार टोले ऐकले आणि मला गाडी कडेला घ्यावी लागली.

बाबांचं सगळं नाव त्यांच्या कानांवर होतं. कॉम्प्रेसर हाऊस नावाचा जो भाग होता, तिथे मिनिटाला हजारो फेरे घेणारी अजस्र यंत्रं चालत. एखाद्या यंत्राची काही कुरकुर असली की बाबांना बोलावलं जाई. ते कानातले बोळे काढत, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या टोपणावर टेकवत आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून डोळे मिटत. “दोन आठवडे चालेल, मग बदला,” असं सांगत, आणि ते खरं ठरे. परदेशी इंजिनिअर आपली मोजायची उपकरणं लावून बाबांनी सांगितलेलंच पुन्हा सांगत. हे बोळे काढणंच त्यांना भोवलं. बाकीच्या सगळ्यांनी कान झाकले आणि वाचवले. बाबांनी उघडे ठेवले, कारण त्याच कानांची त्यांना शाबासकी मिळत होती.

त्या शुक्रवारनंतर ती कॅसेट म्हणजे आमचं गुपचूप तपासणीचं यंत्र झालं. बाबा महिन्यातून एकदा, आई बाजाराला गेली की, मला बसवून दोन्ही बाजू लावत आणि काय काय ऐकू येत नाही ते मला विचारून पक्कं करत. आधी झांज गेली होती. मग त्या मधल्या जागेतली गिटार पातळ झाली, आणि एक दिवस गेली. मग गायकाच्या शब्दांतले ‘स’ आणि ‘श’ गळाले. ट्रम्पेटची वरची टोकं गेली. फळवालीच्या गाण्याला बाबा म्हणाले, “मला नुसता तळ ऐकू येतोय, मंजू. वरचा मजला सगळा रिकामा झालाय.” तळाची ती जाड बास गिटार मात्र तशीच होती, ती त्यांना शेवटपर्यंत ऐकू येत होती. त्यामुळे परक्या माणसाला काही कळत नसे. बाबा टेबलावर बोटांनी बरोबर ठेका धरत. तो बघून कोण म्हणेल, यांना ऐकू येत नाही?

आईपासून लपणार किती दिवस? तिने एके दिवशी भाकरी थापता थापता, त्यांच्याकडे पाठ करून म्हटलं, “मी तुम्हाला आज सकाळपासून पाच हाका मारल्या.” बाबा पेपर वाचत होते. तिने मागे वळून बघितलं, आणि तिला काय कळायचं ते कळलं. तिने तवा खाली उतरवला, गॅस बंद केला आणि पिठाच्याच हातांनी खुर्चीवर बसली. माझा मोठा भाऊ तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. नाशिकला घर अर्धवट बांधून पडलं होतं. नोकरी गेली की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना गेला, इकामा गेला की देश सोडायचा, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. “मेडिकल कधी आहे?” आईने विचारलं. तिला ते मोठ्याने, दोनदा विचारावं लागलं.

मेडिकल दर वर्षी व्हायचं. आधी डॉक्टर पाठीमागे उभे राहून काहीतरी पुटपुटत आणि “ऐकू येतंय?” म्हणून विचारत. एवढ्यावर भागायचं. त्या वर्षी सेफ्टीचा नवा साहेब आला आणि दवाखान्यात काचेची छोटी खोली आली. आत बसायचं, हेडफोन लावायचा, बारीक आवाज ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं. बाबा तापाचं निमित्त करून दवाखान्यात जाऊन ती खोली बघून आले आणि त्यांनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं. ही खुर्ची. ही काच. काचेपलीकडे तंत्रज्ञ, थोडा आडवा बसतो. त्याचा उजवा खांदा आणि कोपर दिसतं. आवाज सोडायला तो एक कळ दाबतो, तेव्हा कोपर हलतं.

“म्हणजे बघून दाबायचं?” मी विचारलं. पंधरा वर्षांच्या मुलीसमोर मान खाली घालून बसलेले बाबा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

आम्ही तीन आठवडे सराव केला. अंगणात उघडणाऱ्या काचेच्या दाराबाहेर मी आडवी बसायचे, मांडीवर कॅल्क्युलेटर; आत बाबा, माझ्या वॉकमनचा हेडफोन लावून, हातात पेन. मी कॅल्क्युलेटरचं बटण दाबलं की त्यांनी पेनाची कळ दाबायची. बाहेर इतकं ऊन असायचं की माझी मान भाजायची. बाबांची चूक एकच व्हायची. माझं कोपर हललं की ते त्याच क्षणी दाबायचे, बंदुकीसारखे. शाळेत विज्ञानाच्या बाईंनी आम्हाला शिकवलं होतं की माणसाला ऐकून हात हलवायला थोडा वेळ लागतो. मी दार उघडून आत गेले आणि जवळजवळ ओरडलेच, “बाबा, टाळीवर दाबू नका. गिटारवाल्यासारखं दाबा. मधल्या जागेत!”

त्यांचा चेहरा उजळला. मला तो चेहरा आजही दिसतो. त्यांनी पेन धरलं, मी कोपर हलवलं, आणि त्यांनी नेमकं तिथे दाबलं जिथे आमचा जमैकावाला श्वास घ्यायचा. एकदाही चुकले नाहीत. आई मागे उभी होती. तिने देवाला हात जोडले. ही युक्ती माझी होती. हे मी कुणापाशी नाकारलेलं नाही, आणि इथेही नाकारत नाही.

बाबा पास झाले. दवाखान्यातला तंत्रज्ञ साधा, भला मल्याळी माणूस होता. “सर, आप का कान तो जवान है,” असं तो म्हणाल्याचं बाबांनी घरी येऊन सांगितलं. आईने सांज्याच्या पोळ्या केल्या. आम्ही तिघांनी त्या खाल्ल्या, आणि उरलेल्या आईने शेजारी न पाठवता झाकून ठेवल्या.

आता बशीरकाकांबद्दल सांगायला हवं. ते खेडजवळच्या गावचे, बाबांच्याच हाताखालचे फिटर, आणि कामगारांच्या कॅम्पात एकटे राहणाऱ्या शेकडो कोकणी माणसांपैकी एक. प्लांटवर ते बाबांना साहेब म्हणत आणि आमच्या उंबऱ्याच्या आत आले की दादा. दर शुक्रवारी नमाज झाला की बंदरावरून मासळी घेऊन यायचे. माझ्या नाशिकच्या आईला मासा कापायला त्यांनीच शिकवलं, आगळाची बाटलीही गावाहून त्यांनीच आणलेली. “काय गो मंजू, तुझ्या जमैकावाल्याची तब्येत काय म्हणते?” अशी त्यांची हाक यायची. त्यांना घरी तीन मुली होत्या. धाकटीला त्यांनी एकदाच पाहिलं होतं. बाबांच्या कानाबद्दल आम्ही त्यांनाही सांगितलं नव्हतं.

अपघात मेडिकलनंतर दोनेक महिन्यांनी झाला. मी तो पाहिला नाही. बाबांनी पुढे कित्येक वर्षांत तुकड्यातुकड्याने सांगितला, तो जोडून लिहिते. वाफेच्या एका पाइपचा जोड उघडून आतलं गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी चकती, बदलायचं होतं. जोडाकडे येणारी वाफ अडवणारा व्हॉल्व्ह बंद केलेला. खालचा ड्रेन उघडला, त्यातून काही आलं नाही, म्हणजे पाइप रिकामा, असं सगळ्यांना वाटलं. पण ड्रेन गाळाने तुंबलेला होता. बशीरकाका शिस्तीचे माणूस. पाना हातात घेऊन थांबले आणि म्हणाले, “साहेब, एकदा व्हॉल्व्ह ऐकून बघा. गळत नाही ना?” बंद व्हॉल्व्हमधून वाफ सुटत असेल तर बारीक, धारदार सूंऽऽ असा आवाज येतो. अगदी वरच्या पट्टीतला. बाबांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानामागे धरली आणि डोळे मिटले. त्यांना शांतता ऐकू आली.

“खोल,” बाबा म्हणाले.

बशीरकाकांनी दुसरा बोल्ट सैल केला आणि जोडातून वाफ सुटली. चेहरा, गळा, छाती, दोन्ही हात.

त्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तेव्हा बाबा दारातच बसले होते, बूट न काढता. आई त्यांच्यापुढे पाणी धरून उभी होती. पुढचे आठ दिवस आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. आई पिठलं-भात करायची आणि तसाच झाकून ठेवायची. कॅसेट प्लेअरवर तिने टॉवेल टाकला. मी पुस्तक उघडलं की अक्षरांच्या जागी काचेपलीकडे बसलेली मी दिसायचे, कोपर हलवत. बशीरकाका जगतील की नाही हेच चार दिवस कळत नव्हतं. मी देवाला म्हटलं होतं की त्यांना वाचव आणि बदल्यात माझे कान ने. मी ते मनापासून म्हटलं होतं, आणि म्हणून झाल्यावर इतकी घाबरले होते की दिवसभर घड्याळाची टिकटिक ऐकून खात्री करत होते.

चौकशी झाली. बाबा घरी आले आणि एका दमात म्हणाले, “ड्रेन तुंबलेला होता, असं लिहिलंय. माझं नाव कुठेच नाही. बशीरनेही पलंगावरून तसाच जबाब दिलाय, साहेबांनी नीट ऐकलं होतं म्हणून.” आई मटकन खाली बसली आणि तिला रडू फुटलं. सुटल्याचं रडू होतं ते. मला त्या रडण्याचा इतका राग आला की मी तिला ओलांडून बाबांपुढे जाऊन उभी राहिले.

“बाबा, तुम्हाला ऐकू आलं नव्हतं ना?” मी म्हटलं.

“काय?”

“तुम्हाला ऐकू आलं नव्हतं.”

“काय म्हणतेस? मोठ्याने बोल.”

अशी गोष्ट माणूस हळूच बोलतो. मला ती ओरडून बोलावी लागली. “तुम्हाला ऐकू आलं नाही! तुम्ही तिथे नसायला हवं होतं! मी शिकवलं म्हणून तुम्ही तिथे होतात!” माझा आवाज फाटला. शेजारी आंध्रचं कुटुंब राहत होतं, भिंती पातळ. आई उठून धावली, खिडक्या लावल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन रिकामा मिक्सर सुरू केला. त्या रिकाम्या मिक्सरच्या कर्कश घरघरीत मी तीच तीन वाक्यं पुन्हा पुन्हा ओरडत राहिले. बाबा माझ्या ओठांकडे बघत होते. मग ते उठले, आत गेले, मिक्सरचं बटण बंद केलं आणि आईला म्हणाले, “तिला आलंय ऐकू सगळं. आता मला बशीरकडे जायचंय. मंजू, तू चल. त्याचा आवाज गेलाय म्हणतात, मला कळणार नाही.”

“तिला कशाला?” आई म्हणाली. “लेकरू आहे ते.”

“दुसरं कोण आहे माझ्याकडे?” बाबा म्हणाले.

इस्पितळात बशीरकाकांना मी ओळखलं नाही. डोळे तेवढे त्यांचे होते. वाफ घशात गेल्यामुळे आवाजाची नुसती हवा उरली होती. मलाही कान ओठांपाशी न्यावा लागला. बाबा पायथ्याशी उभे राहिले. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. बाबांनी जे दोन वर्षं लपवलं होतं ते त्यांनी त्या सहा पलंगांच्या वॉर्डात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. “बशीर, मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. मेडिकलमध्ये मी फसवलं. त्या दिवशी व्हॉल्व्ह गळत होता, मला कळलं नाही.”

बशीरकाकांनी छताकडची नजर माझ्याकडे वळवली. मग त्यांचे ओठ हलले. मी वाकले.

“साहेबांना इचार,” ते म्हणाले, “माला का नाय सांगितलं? माझे कान होते ना. मी कानावरचं काढून ऐकलं असतं.”

मी सरळ झाले. बाबा माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, “बाबा, काका म्हणतात, असू द्या. होतं असं.”

पलंगावरून सूं असा आवाज आला. बशीरकाका बोलायला धडपडत होते. नर्स धावली. मी पुन्हा वाकले. त्यांच्या तोंडाला औषधाचा आणि जळल्याचा वास येत होता.

“तसा नाय बोललो मी, बाय. काय बोललो ता सांग.”

मग मी सांगितलं. ओरडून, शब्द सुटे सुटे करून, बाबांना ओठ दिसतील असं उभं राहून. माझे कान होते ना. मला का नाही सांगितलं. मी ऐकलं असतं. वॉर्डातले बांगलादेशी, पाकिस्तानी, फिलिपिनो रुग्ण माना वळवून बघत होते. त्यांना भाषा कळत नव्हती, पण एक शाळकरी मुलगी आपल्या बापावर ओरडतेय एवढं दिसत होतं. बाबांनी सगळं ऐकलं. “खरं आहे,” ते म्हणाले. मग त्यांनी मला विचारलं, “अजून काही म्हणतो?” बशीरकाकांनी डोळे मिटले होते. “जावा आता,” त्यांनी हवेतल्या हवेत म्हटलं, आणि एवढं बाबांना मी न सांगता कळलं.

तिथून बाबा थेट प्लांटच्या सुपरिंटेंडंटकडे गेले. मी पिकअपमध्ये बसून राहिले. ते सगळं लिहून देऊन आले आणि त्या मल्याळी तंत्रज्ञाचा काही दोष नाही असंही त्यांनी लिहिलं, तरी त्याला ताकीद मिळालीच. चौकशीचा कागद बदलला गेला. महिन्याच्या आत आमचा फायनल एक्झिट, म्हणजे कायमचा देश सोडायचा हुकूम, आला. आईने शेवटच्या दिवसापर्यंत बाबांना एका शब्दाने दोष दिला नाही, आणि एका शब्दाने शाबासकीही दिली नाही. माझ्या भावाने शिकवण्या करून शिक्षण पुरं केलं. बाबा नाशिकला एका पंप दुरुस्तीच्या दुकानात उभे राहायला लागले, फक्त हातांच्या कामाला. बशीरकाका पाच महिन्यांनी गावी परतले. उजवा हात पुन्हा कधी नीट मिटला नाही. बाबा त्यांना भेटायला खेडला एकदाच गेले. काकांनी चहा दिला, मुलींना पाया पडायला लावलं, निरोप द्यायला एसटीपर्यंत आले. पण तिथे ते बाबांना साहेब म्हणाले नाहीत, दादाही म्हणाले नाहीत. नुसतं आडनावाने, पिंगळे म्हणाले.

मला लोक विचारतात की तू तेव्हा लहान होतीस, तुझा काय दोष? मी बावीस वर्षं मुलांच्या परीक्षा घेतल्या आहेत. पंधराव्या वर्षी माणसाला कॉपी करणं म्हणजे काय हे चांगलं कळतं. आम्हाला वाटत होतं आम्ही घर वाचवतोय, इतकंच.

निघायच्या दिवशी आम्ही सकाळीच यान्बूहून जेद्दाला आलो. विमानतळावर पासपोर्टच्या रांगेत दुपारची गर्दी होती. आमचा नंबर आला तेव्हा काचेपलीकडच्या तरुण अधिकाऱ्याने कागदाकडे बघत बाबांना काहीतरी विचारलं. गेली दोन वर्षं अशा वेळी जे होत होतं तेच झालं. आई सवयीने अर्धं पाऊल पुढे झाली, मी तोंड उघडलं. बाबांनी आईचा दंड धरून तिला मागे घेतलं.

“आय कॅनॉट हिअर,” ते म्हणाले, नेहमीसारखं नको तेवढ्या मोठ्याने. मागची सगळी रांग बघायला लागली.

अधिकाऱ्याने मान वर केली. त्याने बाबांकडे नीट बघितलं, मग खुर्चीतून अर्धवट उठून, काचेखालच्या फटीशी तोंड आणून, हातांची खूण करत तो ओरडला, “फायनल एक्झिट? खलास? नो कम बॅक?”

“नो कम बॅक,” बाबा म्हणाले.

त्याने तीन पासपोर्टांवर शिक्के मारले आणि ते फटीतून बाहेर सरकवले. बाबांनी ते एकावर एक नीट ठेवले, शर्टाच्या खिशात घातले आणि दोन्ही बॅगा उचलल्या. आईने पदर तोंडाला लावला होता. आम्ही तिघं एकामागे एक आत गेलो.